दाखवायचा की खायचा?

माझी आत्या दात बनवते. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा हात आधी स्वतःच्या तोंडावर जातो आणि मग प्रश्न येतो, "म्हणजे डेंटिस्ट का?" नाही हो! डेंटिस्ट खुर्चीत बसवतो, आ करायला लावतो, माप घेतो आणि बिल फाडतो. ते माप ज्या खोलीत जातं आणि दात होऊन परत येतं, त्या खोलीत माझी आत्या बसते. आम्हा पोरांनी लहानपणी तिचं नाव कवळीआत्या ठेवलं होतं. तिला त्याचा राग यायचा नाही. "कामावरून नाव पडलंय," म्हणायची, "नाकावरून पडलं असतं तर काय केलं असतं?" आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं नाक आत्याचं आहे, हे सांगायला हवं.

तिची लॅब एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. लांबट खोली, भिंतीला लागून टेबल, टेबलावर मेणाच्या सुऱ्या, एक छोटी ज्योत आणि प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. सगळ्यावर पांढरी धूळ. संध्याकाळी आत्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. तिची जागा खिडकीशी. तिथे दिवसभर सारखा उजेड येतो, ऊन मात्र थेट येत नाही. ती जागा तिनं लॅबच्या मालकाशी, म्हणजे सगळे ज्यांना 'सर' म्हणतात त्यांच्याशी, भांडून मिळवली होती. दाताचा रंग जुळवायचा तर असाच उजेड लागतो, दिव्याखाली सगळे रंग खोटं बोलतात, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांकडून नवीन काम आलं की आत्या डबी उघडायच्या आधी एकच विचारते, "दाखवायचा की खायचा?" समोरचा दात म्हणजे दाखवायचा, त्याला रंग महत्त्वाचा. दाढ म्हणजे खायचा, तिला जोर महत्त्वाचा. "एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की माणूस रडतो," असं ती नवीन आलेल्यांना बजावते. ते आधी हत्तीची म्हण आठवून हसतात. थोड्या दिवसांनी तेही तसंच विचारायला लागतात.

आता ह्यातला दुसरा माणूस. माझा बाप. बापाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मग बापानंही तसं वागू नये!

बाबा आत्याचा धाकटा भाऊ. आजोबा लवकर गेले, आजीनं अंथरूण धरलं, आणि आत्यानं शिक्षण सोडून त्याच लॅबमध्ये प्लास्टरची भांडी घासायचं काम धरलं. तिच्या पगारावर बाबा शिकले. तिनं लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारलं तर म्हणते, "एक पोर वाढवलं की मी. पुरे झालं." ते पोर म्हणजे आमचे बाबा. ती त्यांना अजून 'धाकट्या' म्हणते आणि रस्ता ओलांडताना त्यांचा दंड धरते. बाबा बँकेत आहेत, क्रेडिट कार्डाच्या खात्यात. लोकांना कार्ड विकणं हे त्यांचं काम. गोड बोलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. दगडालासुद्धा ते कार्ड देऊन येतील आणि दगड वर आभार मानेल.

आणि आत्याला हवी होती एक भट्टी.

चिनीमातीचा दात भट्टीत भाजावा लागतो. रंगाचे पातळ थर चढवायचे, भाजायचे, पुन्हा चढवायचे. लॅबमध्ये एकच भट्टी, ती सरांची, आणि तिच्या बटणांना हात लावायचा हक्कही सरांचाच. घडवायचा आत्यानं, रंगवायचा आत्यानं, शेवटी भट्टीचं बटण दाबायचं सरांनी आणि डबीवर नाव टाकायचं सरांचं. डॉक्टर लोक सरांना फोन करून म्हणायचे, "वा, काय रंग जुळवलात!" सर म्हणायचे, "अनुभव हो, अनुभव." आत्या शेजारीच बसलेली असायची. आयतं पीठ मिळालं की कोणीही रेघोट्या ओढतो.

तिनं पैसे साठवले. पोटाला चिमटा वगैरे नाही, व्यवस्थित जेवून-खाऊन साठवले, पण वर्षानुवर्षं. लॅबपासून जवळच एक रिकामी खोली होती, पूर्वी तिथे घड्याळजी बसायचा. तिला अगदी हवा तसा उजेड देणारी खिडकी होती म्हणून आत्यानं आगाऊ भाडं देऊन ती धरून ठेवली. मला घेऊन गेली बघायला. खोलीत काहीच नव्हतं, भिंतीवर घड्याळं काढल्याच्या गोल खुणा तेवढ्या होत्या. आत्या एका कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथे भट्टी." मग दोन पावलं सरकून, "इथे मी." तिला इतकी खूश मी त्याआधी पाहिली नव्हती.

नवी भट्टी तिला परवडणारी नव्हती. पण परदेशात एक शिकवणारी संस्था होती, तिथे दात रंगवण्याचा छोटा वर्ग व्हायचा. वर्ग संपला की त्यात वापरलेल्या भट्ट्या तिथल्या तिथे स्वस्तात विकून टाकायचे, शिकायला आलेल्यांनाच. अट एकच. शेवटच्या दिवशी दुपारी, जो आधी कार्डावर पैसे भरेल त्याची भट्टी. रोख नाही, उधारी नाही, उद्या पाठवते नाही. आत्याकडे तोवर क्रेडिट कार्ड नव्हतं. तिला ते आवडतच नसे. "आधी खा, मग शिजव, असला प्रकार," म्हणायची.

पण लागणारच म्हटल्यावर तिनं ते काम दाताच्या कामासारखंच हातात घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होते, मला सोबत घेऊन तिनं बँका पालथ्या घातल्या. जिथे जाईल तिथे माहितीपत्रक घ्यायची आणि खिडकीत आणून मांडायची, दातांचे रंग मांडतात तसंच. समोरच्या बँकवाल्याला तिचा ठरलेला प्रश्न असायचा, "तिकडे, परदेशात वापरलं तर कापता किती?" तो म्हणायचा, "मॅडम, खरेदीवर पैसे परत मिळतात!" आत्या म्हणायची, "ते दाखवायचं झालं. खायचं सांगा." बिचाऱ्याला काही कळायचं नाही. मला हसू आवरायचं नाही.

शेवटी तिनं निवडलं. एका साध्याशा बँकेचं कार्ड होतं. कशावरही खर्च करा, दीड टक्का परत. आणि परदेशात वापरलं तर वर एक पैसा कापणार नाही. वर्षाची फी मामुली. कार्डाचा रंग मात्र असा की मी नाक मुरडलं. "शेवाळी आहे," आत्या म्हणाली, "मळकट शेवाळी. पण आपल्याला कुठे दाखवायचंय." दीड टक्का म्हणजे फारच कमी, असं मी म्हटलं. त्यावर म्हणाली, "अगं, दात कोरून पोट भरत नाही. परत किती देतात ते नंतर, आधी घास किती पळवतात ते बघायचं." अर्ज भरून पाकिटात घालून ठेवला होता तिनं. सकाळी नेऊन देणार होती.

त्याच दिवशी संध्याकाळी बाबा आले. महिन्याची अखेर होती. टाय सैल, घामाघूम, आणि दारातूनच, "ताई, मी काय ऐकतोय? घरात बँकेचा माणूस असताना तू बाहेरचं कार्ड घेतेस? ऑफिसात कळलं तर माझं हसं होईल!"

आत्या ओशाळली. हे मला अजून डाचतं. तिनं ओशाळायचं काय कारण होतं?

बाबांनी त्यांचं कार्ड काढलं. सोनेरी, चकचकीत. पाच टक्के परत, असं मोठ्या अक्षरात. आत्यानं तिचा ठरलेला प्रश्न विचारला, "धाकट्या, तिकडे वापरलं तर कापतात का?"

"कापले तरी किती कापणार? पाच परत मिळतायत ना!"

"तिकडच्या खर्चावरही पाच?"

"सगळीकडे, ताई. सगळीकडे." हे बाबांनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी समोर बसले होते, माझ्या कानांनी ऐकलं. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुझ्या भावावर विश्वास नाही का तुझा?"

झालं. तिनं सही केली. बाबांनी तिचं बजेट विचारलं आणि कार्डाची वरची मर्यादा बरोबर तेवढीच लावून दिली, वर्ग, राहणं आणि भट्टी. "जास्त ठेवली की उगाच खर्च होतो," म्हणाले. शिवाय निघताना एक सल्ला, "तिकडे मशीन विचारेल, आपल्या पैशात देता की इथल्या. आपल्याच पैशात द्यायचे. किती गेले ते लगेच कळतं." आत्या म्हणाली, "बरं बाई, आपलं ते आपलं." शेवाळी कार्डाचा अर्ज तिनं फाडून टाकला. चहासुद्धा न घेता बाबा धावत सुटले.

आत्या गेली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, आणि शेजारच्याच्या दाताची कॅप कुठल्या रंगाची चुकली आहे ते मला फोनवर सविस्तर सांगितलं. वर्गात ती सगळ्यांत मोठी होती. शिकवणाऱ्या बाईंनी म्हणे तिचा एक दात हातात घेतला आणि सगळ्यांना फिरवून दाखवला. "माझं नाव घेतलं गं," आत्या सांगत होती, "डबीवर नाही, तोंडानं." वर्गाचे पैसे तिनं कार्डावर भरले, हॉटेलचे भरले. दर वेळी मशीननं विचारलं, दर वेळी तिनं 'आपले' दाबलं.

शेवटच्या दिवशी दुपारी तिचा नंबर पहिला होता. जिच्यात तिनं स्वतः दात भाजले होते तीच भट्टी तिनं निवडली. कार्ड घातलं. मशीननं विचारलं, तिनं आपल्या पैशात दाबलं, आणि आकडा आला तो सांगितलेल्या किमतीपेक्षा चांगलाच फुगलेला. कार्ड नाकारलं. आत्या हुशार आहे. काय गोम आहे ते तिच्या लगेच ध्यानात आलं. तिनं दुसऱ्यांदा तिथल्या पैशात दाबलं. पुन्हा नाकारलं. कारण आधीच्या प्रत्येक खर्चावर मशीनवाल्यानं आपल्या पैशात करून देताना स्वतःचा चढा भाव लावला होता, त्यावर बँकेनं साडेतीन टक्के कापले होते, त्यावर कर, आणि शिवाय कार्डाची पहिल्या वर्षाची फी. थोडक्यात हुकलं. अगदी थोडक्यात. कार्डाचं बिल भरायला लागणारे सगळे पैसे घरी तिच्या खात्यात जसेच्या तसे पडून होते, पण ते तिथे असून काय उपयोग? चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, ते असं.

तिनं बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "ताई, आज सुट्टी आहे गं. मर्यादा कामाच्या दिवशीच वाढते. बघतो हं मी." पुन्हा लावला तर उचलला नाही. रांगेत तिच्यामागे एक तरुण होता, तो बराच वेळ थांबला, मग ओशाळून पुढे झाला आणि त्यानं पैसे भरले. भट्टी त्याची झाली. तो ती खोक्यात भरायला लागला तर आतली नाजूक तार सांभाळायचं त्याच्या लक्षात येईना. मग आत्यानंच त्याला बाजूला सारलं आणि कागद कोंबून कोंबून ती भट्टी नीट बांधून दिली. मला फोनवर म्हणाली, "काय करणार? फुटली असती गं."

परत आल्यावर तिनं बँकेला फोन करून विचारलं, पाच टक्के कुठे आहेत? पलीकडची मुलगी म्हणाली, ते फक्त इथल्या किराण्यावर आणि पेट्रोलवर, परदेशच्या खर्चावर काहीच परत नसतं. मी भडकले. म्हटलं, मी बाबांना विचारते, काय समजतात स्वतःला! आत्यानं मला अडवलं. "त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? वरून जे छापून येतं ते तो सांगतो. तो कुठे कधी परदेशात गेलाय?" सरांना तिनं हेच सांगितलं, शेजारणीला हेच सांगितलं, माझ्या आईलाही हेच सांगितलं. चूक माझीच, मशीनच्या भानगडी मला कळल्या नाहीत, धाकट्याला नावं ठेवू नका. पुन्हा जायचं तर तिकीट, वर्ग, सगळं पुन्हा आलं. घड्याळजीची खोली तिला किती दिवस अशी धरून ठेवता येणार? सोडली. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. आत्या पुन्हा सरांच्या खिडकीशी बसली.

काही महिन्यांनी बाबांना ऑफिसकडून बक्षीस मिळालं. परदेशची सहल, जोडीनं. आई-बाबा जाऊन आले, चॉकलेटं घेऊन आले, आणि त्या आनंदात बाबांनी आम्हा सगळ्यांना हॉटेलात जेवायला नेलं. आत्यालाही. ती तिची निळी साडी नेसून आली होती आणि बाबांचे फोटो कौतुकानं बघत होती. "उन्हात काळवंडलास रे," म्हणत होती.

सूप झालं, जेवण झालं, बाबा रंगात आले. सहल कशी मिळाली ते सांगायला लागले. "टार्गेटला एक कार्ड कमी. एकच! महिन्याचा शेवटचा दिवस, संध्याकाळ झालेली. म्हटलं, गेली सहल. पण तुमचा बाबा हार मानतो का? धावत गेलो आणि एक कार्ड आणलंच!" टाळीसाठी त्यांनी हात पुढे केला. मी टाळी दिली नाही. तो दिवस कुठला, ती संध्याकाळ कुठली, हे माझ्या डोक्यात फिरायला लागलं होतं. आत्याकडे बघितलं तर ती अजून हसत होती, पण चमचा ताटलीत तसाच राहिला होता.

वेटर बिल आणि मशीन घेऊन आला. बाबांनी गप्पांच्या भरात खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून कार्ड काढलं आणि वेटरच्या हातात दिलं.

"शेवाळी," आत्या म्हणाली.

एवढंच म्हणाली. रंगाच्या बाबतीत तिची चूक होत नाही. मळकट शेवाळी, तेच कार्ड, जे तिनं खिडकीच्या उजेडात निवडलं होतं आणि ज्याचा अर्ज तिनं फाडला होता. बाबांच्या लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांची विकायची सवय, जीभ आपोआप चालली. "हे ना? हे ठेवावं लागतं गं. परदेशात ह्याला काही कापत नाहीत. आम्ही सहलीत हेच वापरलं. आमच्यावाल्यानं तिकडे नुसती हजामत होते." आणि मग त्यांनी स्वतःचं वाक्य ऐकलं.

आईनं टेबलाखालून त्यांना पाय मारला. आता मारून काय उपयोग?

"तुला माहीत होतं?" आत्यानं विचारलं.

"ताई, अगं टार्गेटचं प्रेशर किती असतं, तुला नाही..."

"मी टार्गेट नाही विचारलं, धाकट्या. त्या दिवशी माझ्याकडे आलास तेव्हा तुला माहीत होतं का?"

"आमच्या खात्यात सगळ्यांनाच माहीत असतं," बाबा म्हणाले. "पण भट्टीचं असं होईल हे थोडंच..."

आत्यानं पदर सावरला, पर्स उघडली आणि आपल्या ताटापुरते पैसे मोजून टेबलावर ठेवले. बाबा म्हणाले, "ताई, काय हे, लोक बघतायत." आत्या उठली. मी तिच्यामागून गेले. रस्ता ओलांडताना तिनं सवयीनं बाजूला हात केला, आणि तिथे मी होते म्हणून माझा दंड धरला.

पलीकडे गेल्यावर दिव्याच्या खांबाशी थांबली. रडली नाही. तिचा आवाज मात्र मी कधी ऐकला नव्हता असा झाला होता. "भट्टी गेली त्याचं आता काही नाही गं. मी सगळ्यांना सांगत फिरले, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. सरांनासुद्धा सांगितलं. मी त्याच्यासाठी भांडले. आणि तो तिकडे हेच कार्ड घेऊन हिंडत होता." मग नाक पुसून म्हणाली, "केसानं गळा कापला माझा. माझ्याच पोरानं."

मी घरी जाऊन बाबांना जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहीत नाही, छापण्यासारखं नाही. बाबांनी आत्याला फोन केले, मिठाई पाठवली, फुलं पाठवली. नुकसान भरून देतो म्हणाले. किती ते सांगितलं, हिशोब करून, टक्क्यांनिशी. आत्यानं मिठाई लॅबमध्ये वाटून टाकली. "माझं जे गेलं ते टक्क्यांत बसत नाही," असा निरोप तिनं माझ्याकडून पाठवला. घरी येणं तिनं थांबवलं. मला बोलवायची, माझ्याशी बोलायची, आईची चौकशी करायची. बाबांचा विषय आला की उठून भांडी आवरायची.

वर्ष गेलं. बाबांची बढतीची मुलाखत आली, आणि नेमका त्याच आठवड्यात ते ऑफिसच्या काचेच्या दारावर आपटले. दार बंद आहे हे त्यांना दिसलंच नाही. समोरचा दात अर्धा तुटला. बोलताना शीळ वाजायची, हसले की खिंडार दिसायचं. कार्ड विकणाऱ्याचं हसूच गेलं म्हटल्यावर राहिलं काय? डॉक्टर म्हणाले, समोरचा आहे, रंग अचूक हवा, तुम्ही थेट लॅबमध्ये जाऊन दाखवा. कुठली लॅब ते सांगितलं तर ती आत्याचीच निघाली. बाबा मला म्हणाले, "तू चल बरोबर." मी गेले. बापाची कीव आली म्हणून नाही, आत्याचा चेहरा बघायचा होता म्हणून.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बाबांना धाप लागली. लॅबमध्ये नेहमीसारखी धूळ होती, ज्योत जळत होती, सर त्यांच्या भट्टीशी उभे होते. आत्यानं वर बघितलं. बाबांच्या हातातली डॉक्टरांची डबी बघितली. खुर्चीकडे बोट दाखवलं. बाबा खिडकीच्या उजेडात बसले, लहान मुलासारखे गुडघे जुळवून. आत्यानं हात धुतले, नमुन्याच्या दातांची पट्टी घेतली आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "दाखवायचा की खायचा?"

बाबांना वाटलं, बर्फ वितळला. भाबडेपणानं तोंडभर हसले, खिंडारासकट. "दाखवायचा, ताई. मुलाखत आहे ना. समोरचाच तर आहे."

"हो रे," आत्या म्हणाली. "खायचे तुझे शाबूत आहेत, मला माहीत आहे."

लॅबमध्ये कोणीतरी सुरी खाली ठेवली. सर भट्टीकडे वळून उभे राहिले. बाबांचं हसू गेलं, डोळे भरले, आणि ते काहीतरी बोलायला म्हणून ओठ जुळवायला लागले.

आत्यानं त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे वळवली. पट्टीवरचा एक दात त्यांच्या दातांशेजारी लावून बघितला, तो काढला, दुसरा लावला.

"तोंड मिटू नकोस," ती म्हणाली. "रंग बघायचाय."